चौघांत उजवा कोण?

स्ले द स्पायर हा पत्त्यांचा व्हिडिओ गेम खेळणारी दोन माणसं भेटली, की चार वाक्यांच्या आत एक प्रश्न निघतोच: चौघांत उजवा कोण? आयर्नक्लॅड, सायलेंट, डिफेक्ट आणि वॉचर. पात्रं चार, प्रत्येकाचे पत्ते निराळे, चढायचा मनोरा मात्र तोच. वरवर बघता हा प्रश्न शाळेतल्या पोरांच्या ‘वाघ भारी की सिंह’ छापाचा वाटेल. मी त्यावर बरीच वर्षं डोकं चालवलंय आणि मला तो तसा वाटत नाही. चौघांना ओळीनं उभं करायचं म्हटलं की कशाच्या जोरावर उभं करायचं, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना खेळ आतून कळायला लागतो.

आम्ही सांगलीकर. इथं खेळातल्या मोहऱ्यांची किंमत लावायला पोरं लहानपणीच शिकतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, त्यामुळं गावात बुद्धिबळ रुजलं. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याच गावच्या. आमच्या अण्णांची सगळी संध्याकाळ एकेकाळी पटावर जायची, आणि मला अक्षर ओळख झाली त्याच सुमारास त्यांनी आकडे पाठ करून घेतले होते. वजीर 9, हत्ती 5, उंट आणि घोडा 3-3, प्यादं 1. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की डावच गेला.

त्यामुळं मी पहिल्यांदा त्यांना फोनवर हा खेळ दाखवला तेव्हा त्यांनी चित्रं बघितली नाहीत, संगीत ऐकलं नाही. सरळ विचारलं, “ह्यात वजीर कुठला?”

प्रश्न रास्त होता, पण लागू पडत नव्हता. का लागू पडत नव्हता, हे मला नीट सांगता येईपर्यंत बराच काळ गेला. बुद्धिबळातले आकडे अदलाबदलीसाठी असतात. हत्ती देऊन उंट आणि दोन प्यादी घ्यावीत का, हे क्षणात तोलता यावं म्हणून ते आहेत. इथं अदलाबदल नाही. एक पात्र घेतलं की मनोऱ्याच्या पायथ्यापासून शेवटापर्यंत तेच तुमचं. आयर्नक्लॅड आणि सायलेंट एकमेकांसमोर कधी उभे राहतच नाहीत. दोघंही समोर येईल त्याच्याशी झुंजतात. म्हणजे तराजू दुसराच पाहिजे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रमीत किंवा मेंढीकोटात पत्त्यांचा कॅट सगळ्यांचा एकच असतो, पिसून वाटला की आपल्या वाट्याला येईल ते नशीब. डेक-बिल्डिंग खेळात कॅट आपणच घडवायचा असतो. ही तऱ्हा रुळवली ती डोनाल्ड एक्स. व्हॅकॅरिनो यांच्या डॉमिनियन या 2008 सालच्या खेळानं. सुरुवातीला प्रत्येकाकडं तेच दहा सामान्य पत्ते, आणि खेळता खेळता त्यात चांगल्या पत्त्यांची भर घालत जायची. अँथनी जियोव्हानेट्टी आणि केसी यानो या दोघांच्या मेगा क्रिट या सिअ‍ॅटलच्या छोट्या कंपनीनं ही कल्पना उचलून तिला एकट्यानं चढायच्या मनोऱ्याची जोड दिली. नोव्हेंबर 2017 मध्ये खेळ अर्धाकच्चा खुला झाला, 23 जानेवारी 2019 ला पूर्ण झाला. फोनवर आला 2020 आणि 2021 मध्ये, तेव्हा तो आमच्या घरात शिरला.

लढाई अशी असते. दर फेरीला पाच पत्ते हातात येतात आणि तीन एनर्जी मिळते. साधा स्ट्राइक एक एनर्जी घेतो, 6 चा मार देतो. साधा डिफेंड एक एनर्जी घेतो, 5 चा मार अडवतो. न वापरलेले पत्ते फेरी संपली की जातात. लढाई जिंकली की तीन पत्त्यांतला एक निवडायचा, नाहीतर तिन्ही सोडायचे. असं करत तीन अ‍ॅक्ट म्हणजे टप्पे चढायचे, प्रत्येकाच्या शेवटी एक बॉस. तीन किल्ल्या गोळा केल्या असतील तर त्यावर चौथा अ‍ॅक्ट आणि तिथं हार्ट, म्हणजे मनोऱ्याचं काळीज.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शत्रूच्या डोक्यावर तो आता काय करणार हे आधीच दिसतं. तलवारीचं चित्र आणि शेजारी आकडा. इतक्याचा वार येतोय, बोला काय करता. सांगलीचा पावसाळा ज्यानं काढलाय त्याला हे नवीन नाही. कोयनेतून विसर्ग किती सोडला, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, हे आकडे आम्हाला पाणी दारात यायच्या आधी कळतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्या वर गेलं तेव्हाही आकडा तासातासाला कळत होता. कळणं सगळ्यांना सारखंच होतं. कुणाच्या घराला वरचा मजला होता, कुणाच्या नव्हता.

माझा तराजू इथं ठरला. पुढचा वार सगळ्यांना सारखाच दिसतो. त्याला तोंड द्यायला ज्याच्याकडं मुळातच जास्त सोय आहे, ज्याला अमुकच पत्ता सापडायला हवा म्हणून वाट बघत बसावं लागत नाही, तो जास्त समर्थ. नशीब चांगलं असताना काय करून दाखवतो याला मी फारसा भाव देत नाही. नशीब चांगलं असलं की चौघंही मनोरा कोसळवतात. आयर्नक्लॅडचा डेमन फॉर्म लवकर मिळाला, सायलेंटला विषाबरोबर कॅटलिस्ट मिळालं, डिफेक्टला एको फॉर्म मिळालं, की मग बघायला मौज येते, पण त्यावरून क्रम लावता येत नाही. क्रम लावायचा तो वाईट दिवसांवरून. बोलतोय ते सगळं अ‍ॅसेन्शन 20 बद्दल, म्हणजे एकेक जाच वाढवत नेणाऱ्या वीस पायऱ्यांतल्या शेवटच्या पायरीबद्दल, आणि हार्टला हरवणं हाच विजय धरून; सुरुवातीचे पत्ते आणि आयुष्याचे आकडे मात्र मूळ पातळीचे दिलेत.

या तराजूवर वॉचर पहिली, आणि दुसऱ्यापासून बऱ्याच अंतरानं पहिली. याबद्दल जाणत्या खेळाडूंत फारसं दुमत नाही. ती सगळ्यात शेवटी आली, जानेवारी 2020 मध्ये, खेळ पूर्ण झाल्यावर वर्षभरानं. आंधळी योगिनी, 72 आयुष्य, हातात काठी. तिचं सगळं बळ तिच्या मनःस्थितीत आहे. राग म्हणजे रॅथमध्ये असताना ती दुप्पट मार देते आणि दुप्पट मार खाते. शांत म्हणजे काममध्ये असताना काहीच होत नाही, पण त्यातून बाहेर पडली की दोन एनर्जी मिळते.

हिच्या नुसत्या सुरुवातीच्या दहा पत्त्यांकडं जवळून बघा. चार स्ट्राइक, चार डिफेंड, एक इरप्शन, एक व्हिजिलन्स. धरा, पहिल्या फेरीत व्हिजिलन्स आलं. दोन एनर्जी देऊन 8 चा बचाव आणि मन शांत. उरलेल्या एकात डिफेंड, आणखी 5. तेरा अडवले. दुसऱ्या फेरीला उरलेले पाच पत्ते येतात, आणि इरप्शन पहिल्या हातात आलं नसेल तर ते त्यात असणारच. ते दोन एनर्जीचं, 9 चा मार देतं आणि रागात नेतं. पण शांतपणातून बाहेर पडल्यामुळं ते दोन लगेच परत मिळतात. म्हणजे इरप्शन फुकटच पडलं आणि तीन एनर्जी तशीच हातात. आता स्ट्राइक 6 चा नाही, 12 चा. तीन स्ट्राइक टाकले की 36, वरचे 9 धरून 45. तिच्या प्युअर वॉटर या रेलिकमुळं, म्हणजे कायम सोबत राहून फायदा देणाऱ्या वस्तूमुळं, दर लढाईच्या सुरुवातीला हातात मिरॅकल हा एक जादा पत्ता येतो, तो जपून ठेवता येतो, आणि वापरला की आणखी एक एनर्जी. म्हणजे चौथा स्ट्राइक हातात असेल तर 57. यातला एकही पत्ता तिनं कमावलेला नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी, पहिल्या खोलीत शिरताना हे तिच्याजवळ आहे.

इतरांशी ताडून बघा. आयर्नक्लॅडनं पहिल्या फेरीत बॅश हा पत्ता मारून शत्रूला व्हल्नरेबल, म्हणजे दीडपट मार खाणारा, केलं, आणि दुसऱ्या फेरीत तीन स्ट्राइक हाताशी आले, तर 27. तेवढ्यालाच आपण खूश होतो.

मग वाईट दिवसांचं काय? वॉचरचा वाईट दिवस म्हणजे रागात अडकणं. शत्रू मेला नाही, बाहेर पडायला पत्ता नाही, आणि समोर 20 चा वार दिसतोय. तो 40 चा लागणार, 72 मधून. आयुष्य आधीच उतरलेलं असेल तर एका फेरीत रन, म्हणजे अख्खी चढाई, संपतो. नवख्या माणसाच्या हातात ती पटापट मरते ती यामुळंच, आणि म्हणून नवख्यांसाठी क्रम लावायचा झाला तर मी तिला बेधडक शेवटी टाकेन. पण नीट बघितलं तर हा धोका पत्त्यांच्या नशिबावर कमी आणि बसून हिशोब करण्यावर जास्त अवलंबून आहे. रागातून बाहेर काढणारे पत्ते साध्या पत्त्यांत भरपूर मिळतात. ट्रँक्विलिटी तर हातात धरून ठेवता येतं, लागेल तेव्हा टाकायचं. पुढं रशडाउन मिळालं तर रागात शिरताना दोन पत्ते हातात येतात, आणि कॅट पुरेसा बारीक ठेवला असेल तर तेच दोन-चार पत्ते गरगर फिरत राहतात, फेरी संपतच नाही. खेळ घडवणाऱ्यांनी याला दोन ठिकाणी मेख मारून ठेवली आहे: टाइम ईटर हा बॉस बारा पत्ते झाले की फेरी तोडतो, आणि हार्ट प्रत्येक पत्त्यामागं थोडं आयुष्य कापतं, शिवाय एका फेरीत ठरावीक मर्यादेपलीकडं मार घेतच नाही. तरीही ती पहिली. माझ्या लेखी हा भाग मिटलेला आहे.

खरी मारामारी दुसऱ्या नंबरावर आहे, आणि ती आमच्या घरात चालते.

माझा भाचा मिरजेला असतो, इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी संध्याकाळी भडंगाचं पुडकं घेऊन येतो आणि आल्या आल्या भांडण काढतो. त्याच्या मते दुसरा आयर्नक्लॅड. माझ्या मते सायलेंट. “मामा, तुम्ही तिला वर ठेवता ते मायेपोटी,” तो म्हणतो. “पहिल्या अ‍ॅक्टातच मरतीय की ती. नॉब आला की खल्लास.”

यात तथ्य आहे, आणि ते पूर्ण मांडल्याशिवाय सायलेंटची बाजू घेणं खरं नव्हे. ग्रेमलिन नॉब हा पहिल्या अ‍ॅक्टातला एलिट. एलिट म्हणजे नेहमीच्या शत्रूंहून दणकट. आयुष्य 80 च्या वर. तुम्ही स्किल प्रकारचा, म्हणजे थेट वार न करणारा, पत्ता टाकला की तो चिडतो आणि त्याची ताकद वाढते, लढाईभर वाढलेलीच राहते. आता सायलेंटचे सुरुवातीला मिळणारे चांगले पत्ते कुठले? डेडली पॉयझन, एका एनर्जीत 5 विष, जे दर फेरीला एकेकानं उतरत 5, 4, 3, 2, 1 असं पंधराचं काम करतं. ते स्किल. ब्लेड डान्स, तीन सुऱ्या हातात देतं. तेही स्किल. म्हणजे इतर सगळ्यांसमोर जे हत्यार, ते नॉबसमोर स्वतःच्याच अंगावर उलटतं. आयुष्यही तिचं सगळ्यात कमी, 70. वाईट नशिबात पहिल्या अ‍ॅक्टात मरणारी कोण असं विचारलं, तर तीच.

आणि आयर्नक्लॅड? 80 आयुष्य. बर्निंग ब्लड या रेलिकमुळं प्रत्येक लढाई संपली की 6 आयुष्य परत मिळतं. हा सहाचा आकडा दिसायला किरकोळ आहे. पण शेकोटीपाशी थांबलं की मुख्य पर्याय दोन असतात: झोपून आयुष्याचा 30 टक्के भाग भरून घ्यायचा, नाहीतर एक पत्ता सुधारून घ्यायचा. 80 चे 30 टक्के 24. म्हणजे चार लढायांमागं आयर्नक्लॅडला एक झोप फुकट मिळते, आणि तेवढ्या वेळा तो शेकोटीवर पत्ता सुधारू शकतो. बाकीचे निजतात तेव्हा हा घणानं पत्ता ठोकत बसलेला असतो. भाच्याचा सगळा भर यावर आहे आणि तो बरोबर आहे. पहिल्या अ‍ॅक्टात आयर्नक्लॅडसारखा भरवशाचा गडी नाही.

माझं म्हणणं पुढचं आहे. मनोरा तीन अ‍ॅक्टांचा आणि वर हार्टचा आहे. आयर्नक्लॅडला वर टिकायला जे लागतं ते बहुतेक दुर्मिळ पत्त्यांत आहे. करप्शन, ज्यानं सगळी स्किल फुकट होतात आणि वापरली की जळून जातात. डेमन फॉर्म. लिमिट ब्रेक, जे ताकद दुप्पट करतं. बॅरिकेड, ज्यामुळं बचाव फेरीअखेर पुसला जात नाही. यातलं एखादं मिळालं आणि त्याला साजेसे सोबती मिळाले, उदाहरणार्थ करप्शनसोबत फील नो पेन, तर तो डोंगर होतो. नाही मिळालं तर तिसऱ्या अ‍ॅक्टात तो नुसताच दणकट माणूस राहतो, सहा-सहा आयुष्य भरून घेत, आणि समोरचे आता तीस-चाळीसचे वार करायला लागलेले असतात.

सायलेंटची गोष्ट उलट. तिचा बचाव साध्या पत्त्यांत आहे. बॅकफ्लिप साधा: 5 चा बचाव आणि दोन पत्ते. अ‍ॅक्रोबॅटिक्स साधा: तीन पत्ते घ्या, एक टाका. तिच्या कॅटमध्ये पत्ते इतके खेळते राहतात की जो पत्ता आत्ता हवाय तो आत्ता मिळण्याची शक्यता चौघांत तिला चांगली असते. आणि पिअर्सिंग वेल. हा पत्ता मला या खेळात सगळ्यात प्रिय आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

हार्टची पहिली फेरी आठवा. ते मारत नाही, तुम्हाला दुबळं करतं: वीक म्हणजे तुमचा मार कमी, फ्रेल म्हणजे बचाव कमी, आणि व्हल्नरेबल. वर कॅटमध्ये पाच निरुपयोगी पत्ते कोंबतं. पुढच्या दोन फेऱ्यांत एकदा मोठा एकच घाव आणि एकदा बारीक घावांची सर. अ‍ॅसेन्शन 20 वर ती सर 2 च्या पंधरा घावांची. तुम्ही व्हल्नरेबल असल्यामुळं प्रत्येक 2 चा 3 होतो. पंधरा त्रिक पंचेचाळीस. डोक्यावर तो आकडा दिसतो तेव्हा हातातले डिफेंड मोजून काही होत नाही, शिवाय फ्रेलमुळं त्यांचाही जोर कमी झालेला. अशा वेळी एका एनर्जीचं पिअर्सिंग वेल टाकायचं. समोरच्याची ताकद तेवढ्या फेरीपुरती 6 नं उतरते. प्रत्येक घाव 2 चा, त्यातून 6 गेले, खाली काही उरत नाही. पंचेचाळीसचा शून्य होतो, आणि दोन एनर्जी अजून हातात असते. हे दुर्मिळ पत्त्यानं केलं असतं तर मी इतकं कौतुक केलं नसतं. हा साधा पत्ता आहे, पहिल्या अ‍ॅक्टापासून समोर येत असतो, आणि कितीतरी जण विष आणि सुऱ्यांच्या मागं लागून तो सोडून देतात.

भाचा म्हणतो, पत्ता साधा असला तरी मिळायला हवा, आणि मिळेपर्यंत जगायला हवं. म्हणून मग एकदा आम्ही दोघांनी एकच सीड, म्हणजे रनची मांडणी ठरवणारा संकेत, घातलं. सीड सारखं टाकलं की मनोऱ्याचा नकाशा सारखाच येतो, पात्र कुठलंही असो. त्यानं आयर्नक्लॅड घेतला, मी सायलेंट. रात्री जेवण झाल्यावर दोघं दोन कोपऱ्यांत. त्यानं पहिल्या अ‍ॅक्टात समोर येतील ते एलिट घेतले आणि रेलिकांची रास लावली. मी एलिटांना वळसा घालणारी वाट धरली, दुकानात थांबलो, एक स्ट्राइक कॅटमधून काढून टाकला. दुसऱ्या अ‍ॅक्टात मात्र चित्र पालटायला लागलं. त्याच्याकडं मार भरपूर होता, पण तिघं-चौघं एकदम अंगावर आले की अडवायला पुरत नव्हतं. माझ्याकडं तोवर फुटवर्क आलं होतं, प्रत्येक बचावाच्या पत्त्यामागं थोडी भर घालणारं, आणि मी लढाया लांबवू शकत होतो. तो तिसऱ्या अ‍ॅक्टात मेला, मी हार्टपाशी. “एका सीडवरनं काय कळतंय,” तो म्हणाला, आणि यात तो पूर्ण बरोबर होता. दुसऱ्या सीडवर उलटं होऊ शकतं. क्रम लावायचा तर असे शेकडो रन पाहिजेत.

शेकडो रन ज्यांच्यापाशी होते, खरं तर त्याहून कितीतरी पटीनं जास्त, ते खेळ घडवणारेच. खेळ अर्धाकच्चा असताना मेगा क्रिटनं खेळाडूंच्या रनांची माहिती गोळा केली. कुठला पत्ता लोक किती वेळा उचलतात, आणि तो कॅटमध्ये असलेले रन किती वेळा जिंकतात, हे बघून पत्त्यांचे आकडे घासूनपुसून घेतले. मला ही कामाची रीत फार आवडते. लोक जो पत्ता हावरटासारखे उचलतात तो जिंकून देणारा असतोच असं नाही, आणि जो कुणी उचलत नाही तो वाईट असतोच असं नाही. या दोन आकड्यांमधलं अंतर बघणं म्हणजे खेळाडूची समजूत आणि खेळाचं सत्य शेजारी ठेवून बघणं. वॉचरच्या आधी आलेल्या तिघांत आज जी चुरस आहे ती या मेहनतीची आहे असं मला वाटतं. त्यांच्यात इतकं थोडं अंतर नसतं तर आमचं शनिवारचं भांडण एका संध्याकाळीत मिटलं असतं.

राहिला डिफेक्ट. माझ्या क्रमात चौथा.

हे लिहिताना जीवावर येतं, कारण चौघांत घडणीला सगळ्यात सुंदर तोच आहे. स्वतःचं भान आलेलं यंत्र, अंगाभोवती फिरणारे गोल. वीज दर फेरीला 3 चा मार देते, बर्फ दर फेरीला 2 चा बचाव देतो, काळोख फेरीगणिक साठत जातो, प्लाझ्मा एनर्जी देतो. सुरुवातीला जागा तीनच. जागा भरल्यावर नवा गोल आला की सगळ्यात जुना फुटतो आणि फुटताना मोठा परिणाम करून जातो. सुरुवातही त्याची जोरदार आहे: पहिल्याच फेरीला एक वीज आयती मिळते, ती ड्युअलकास्टनं दोनदा फोडली की एका एनर्जीत 16. मग तो चौथा का? कारण फोकस, म्हणजे गोलांचा जोर वाढवणारा गुण. त्याचे गोल फोकसशिवाय वर पुरत नाहीत, फोकस देणारे पत्ते मोजके, आणि ते मांडायला फेऱ्या जातात. तिसऱ्या अ‍ॅक्टात अवेकन्ड वन हा बॉस समोर आला तर तो प्रत्येक पॉवर पत्त्यामागं, म्हणजे एकदा टाकला की लढाईभर काम करणाऱ्या पत्त्यामागं, आणखी बळकट होतो, आणि डिफेक्टचं सगळं मांडणं पॉवर पत्त्यांवर. हार्ट तर दुसऱ्याच फेरीला सुरू होतं. ज्याला अमुक पत्ता सापडायलाच हवा, आणि सापडल्यावर मांडायला वेळही हवा, तो माझ्या तराजूवर खाली जातो.

अण्णांना हे मुळीच मान्य नाही. आता ते खेळतात तो फक्त डिफेक्ट. दुपारी झोप झाली की आरामखुर्चीत, चष्मा नाकावर, एका बोटानं पत्ते सरकवत. बाकी तिघांकडं ते वळत नाहीत. गोल ओळीनं दिसतात, पुढचा कुठला फुटणार हे आधी कळतं, त्यामुळं चार चाली पुढचं मांडता येतं, एवढं त्यांना पुरतं. ते अ‍ॅसेन्शनच्या पायऱ्या चढत नाहीत, साध्या पातळीवरच खेळतात, आणि तिथं बर्फाच्या तीन-चार गोलांची भिंत उभी राहिली की तिला तोडणारं फारसं कुणी नाही. त्या पातळीवर डिफेक्टला चौथं म्हणणं माझ्याच्यानं होणार नाही. तिथं घाई नसते, आणि घाई नसली की त्याच्यातली एकमेव उणीव उरत नाही.

परवा त्यांचा डाव मी मागं उभा राहून बघत होतो. समोर शेवटचा बॉस, डोनू आणि डेका ही जोडगोळी. अण्णांच्या हातात बायस्ड कॉग्निशन होतं, एकदम 4 फोकस देणारं, पण मग दर फेरीला एकेक फोकस परत काढून घेणारं. मी म्हटलं, “अण्णा, टाका की ते.” त्यांनी मान हलवली. आधी दोन फेऱ्या बर्फ भरून घेतला, मग ते टाकलं, आणि फोकस उतरायला लागायच्या आत डोनू संपवली. भाचा म्हणाला, आजोबांना वीसव्या पायरीवर बसवलं पाहिजे. अण्णांनी विचारलं, तिथं पहिल्या किती फेऱ्या मोकळ्या मिळतात. हार्टपाशी एक, मी सांगितलं. “एक पुरत नाही,” म्हणाले, आणि पुढचा रन सुरू केला, डिफेक्टचाच.